नगरच्या किल्ल्यातील छत्रपती

अहमदनगरचा भुईकोट किल्ला म्हटला की चांदबिबीने केलेला बचाव आठवतो, १८०३ साली वेलस्लीने दिलेला वेढा आठवतो आणि १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्थानबद्ध असलेले पंडित नेहरू तर हमखास आठवतात. याच किल्ल्यात २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, कोल्हापूरच्या गादीचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज मृत्युमुखी पडले, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. सरकारदरबारी त्यांची नोंद वेडसर अशी होती. त्यांच्यावर देखरेख करणारा ग्रीन नावाचा गोरा सैनिक आणि महाराज यांच्यात झालेली झटापट हे मृत्यूचे निमित्त ठरले.

टिळक आणि आगरकर यांचा पहिला तुरुंगवास ज्या कोल्हापूर प्रकरणातून उद्भवला, त्या प्रकरणाचे नायक हेच. परंतु मराठी वाचकाला या प्रकरणातले डोंगरीचे एकशे एक दिवस पाठ असतात, बर्वे खटला ठाऊक असतो. ज्या तरुणासाठी हे सारे झाले तो मात्र कथेच्या कडेला उभा राहतो. त्याचे चरित्र असे स्वतंत्रपणे सांगितले जात नाही, कारण सांगण्यासारखे कर्तृत्व करण्याची संधी त्याला कोणी दिलीच नाही. त्याच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे निर्णय इतरांनी घेतले आणि ते त्याच्या भल्याकरिताच घेतले, असे प्रत्येकाने सांगितले.

त्यांचा जन्म १८६३ चा. मूळ नाव नारायणराव. भोसले कुळातल्या या मुलाच्या वाट्याला कोल्हापूरची गादी आली ती एका अकाली मृत्यूमुळे. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर इटलीत ३० नोव्हेंबर १८७० रोजी, फ्लॉरेन्स येथे, त्यांचे निधन झाले. तेही वीस वर्षांचेच होते. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तेथे पुढे छत्रीवजा स्मारक उभे राहिले. आजही ते फ्लॉरेन्सच्या बागेत पाहावयास मिळते. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ मध्ये आठ वर्षांचा नारायण दत्तक घेतला गेला आणि शिवाजी या नावाने गादीवर बसला. कोणी त्यांना चौथे शिवाजी म्हणतात, तर कोणी सहावे.

गादी मिळाली, पण राज्य नव्हते. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांचा हात १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडापासून आत शिरला होता. १८५७ च्या धामधुमीनंतर राजबंधू चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले आणि १८६९ मध्ये तेथेच त्यांचा शेवट झाला. घराण्यातला माणूस सरकारने उचलून दूर नेला की तो परत येत नाही, हा धडा कोल्हापूरकरांनी तेव्हाच घेतला होता. पुढे १८८१ साली पुण्या-मुंबईच्या पत्रांतून जे वादळ उठले, त्याच्या मुळाशी ही जुनी जखम होती, हे लक्षात घेतले नाही तर लोक इतके का चिडले ते उमगत नाही.

बाल छत्रपतींचा सांभाळ राजकीय खात्याच्या देखरेखीखाली सुरू झाला. संस्थानिकांची मुले इंग्रजी शिक्षक आणि पालक यांच्या हाती सोपवून त्यांना आधुनिक राज्यकर्ते बनवायचे, हे त्या काळचे सरकारी धोरण होते. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले तेव्हा त्यांना भेटलेल्या संस्थानिकांत हे बारा वर्षांचे छत्रपतीही होते. जरीचे कपडे, तोफांची सलामी, मानपान सारे यथासांग असे. घरातल्या स्त्रिया, नातलग, जुने मानकरी यांच्यापासून मात्र मुलगा हळूहळू तुटत गेला. या धोरणाने काही चांगले राजे घडवले, हे मान्य करावे लागते. याच गादीवर पुढे आलेले शाहू महाराज हे त्याचेच उदाहरण. पण ज्या मुलाची प्रकृती नाजूक, मन हळवे, त्याला हा साचा मानवेलच याची खात्री कोण देणार होते?

किशोरवयात महाराजांच्या वागण्यात काही बिघाड दिसू लागला, असे सरकारचे म्हणणे होते. तो काय स्वरूपाचा होता, किती होता, जन्मजात होता की वागवणुकीतून निर्माण झाला, यावर तेव्हाही एकमत नव्हते आणि आज दीड शतकानंतर कोणा डॉक्टरला निदान करू म्हटले तरी ते करता येणार नाही. लोकांत बोलले जाई ते वेगळेच. महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरवले जात आहे. त्यांना मारहाण होते, कोंडून ठेवले जाते, जवळच्या माणसांना भेटू दिले जात नाही. आणि या साऱ्यामागे संस्थानचे कारभारी राव बहादूर महादेव वासुदेव बर्वे आहेत, असा आरोप होता.

केसरी आणि मराठा ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक, दोघेही पंचविशीचे. पत्राला वर्ष होण्याच्या आतच कोल्हापूर प्रकरण त्यांच्या पुढ्यात आले. त्यांनी ते तडफेने उचलले. महाराजांच्या छळाची वर्णने छापली, सरकारला जाब विचारला, पुण्यात या प्रश्नावर जाहीर सभा झाल्या. शिवरायांच्या गादीचा वारस परक्यांच्या पहाऱ्यात झुरतो आहे, ही कल्पनाच मराठी मनाला असह्य होती. पुढे बर्व्यांनी लिहिली म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि ती प्रसिद्ध झाली. त्यांतून कटाचा पुरावाच मिळाला, असे वाटले.

ती पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. जामिनाची रक्कम दहा हजार रुपये होती. ती भरण्यास महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे पुढे आले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातल्या मोठेपणाची म्हणून नेहमी सांगितली जाते. पत्रे खोटी आहेत हे कळल्यावर टिळक-आगरकरांनी दिलगिरीही व्यक्त केली. तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. सूट मिळून एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले तेव्हा त्यांचे वीराप्रमाणे स्वागत झाले. केसरीचे नाव घरोघरी गेले ते याच खटल्याने.

महाराजांना या खटल्याने काय मिळाले, हा प्रश्न त्या जल्लोषात मागे पडला. खटला होता बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांच्या प्रकृतीचा किंवा त्यांच्या वागवणुकीचा नव्हे. पत्रे खोटी ठरल्याबरोबर छळाच्या तक्रारींचेही वजन गेले. वास्तविक एका पत्राचे खोटेपण आणि एका माणसाचे हाल या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. कारभाऱ्याने कट केला नसेलही. म्हणून कोंडलेल्या तरुणाला नीट वागवले जात होते, असे कोठे सिद्ध होते?

येथे पत्रकारांच्या भूमिकेतलाही एक दोष सांगितला पाहिजे. त्यांचा सारा भर महाराज शहाणे आहेत यावर होता. वेडे नसलेल्या माणसाला वेड्यासारखे वागवणे हा अन्याय, असा त्यांचा युक्तिवाद. त्यातून नकळत असा अर्थ निघे की, माणूस खरोखरच वेडा असेल तर मग पहारा, दांडगाई, एकांत या गोष्टींना हरकत नाही. सरकारचाही मुद्दा नेमका हाच होता. दोन्ही बाजू एकाच खुंट्याभोवती फिरत होत्या. महाराज आजारी असतील तर त्यांना अधिक जपायला हवे, अधिक माणसांच्या नजरेसमोर ठेवायला हवे, हे कोणी ठामपणे म्हटले नाही. त्या काळच्या संपादकांकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल असे कोणी म्हणेल. परंतु विचार इतका अपरिचितही नव्हता. पॅरिसमध्ये पिनेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वेड्यांच्या बेड्या काढण्याचा आग्रह धरला होता. लंडनजवळच्या हॅनवेल येथील इस्पितळात जॉन कोनोली यांनी १८३९ पासून साखळदंड, पट्टे सगळे बंद करून दाखवले होते. इंग्लंडात १८४५ च्या कायद्यानुसार खासगी रुग्णाला दाखल करण्यास दोन डॉक्टरांचे दाखले लागत आणि इस्पितळांची पाहणी करणारे आयुक्त नेमलेले असत. हिंदुस्थानातही वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा १८५८ चा कायदा अस्तित्वात होता. कोल्हापूरच्या छत्रपतींचा प्रश्न मात्र राजकीय खात्याच्या फायलीत राहिला. वैद्यकीय अभिप्राय सरकारचा, पहारेकरी सरकारचे, आणि संस्थानाची सूत्रे कोणाकडे जायची हे ठरवणारेही सरकारच. ज्याच्या हाती निदान, त्याच्याच हाती निदानाचा लाभ, अशी ही रचना होती.

त्याच वर्षांत खुद्द लंडनमध्ये जॉर्जिना वेल्डन नावाची एक बाई गाजत होती. १८७८ मध्ये तिच्या नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचा घाट घातला. डॉक्टर खोटी नावे सांगून तिला पाहून गेले. ती निसटली आणि पुढे विवाहित स्त्रियांना मालमत्तेचे हक्क देणारा कायदा झाल्यावर एकामागून एक दावे लावून १८८४ मध्ये तिने त्यातील एका डॉक्टरकडून भरपाई मिळवली. गायिका असलेली एक मध्यमवर्गीय बाई जे करू शकली, ते तोफांच्या सलामीचा मान असलेल्या छत्रपतींना शक्य नव्हते. दावा लावायला तरी वकिलाची भेट व्हावी लागते.

१८८२ मध्ये संस्थानाचा कारभार पाहण्यासाठी रिजन्सी नेमण्यात आली आणि कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे रीजंट झाले. आबासाहेब कर्तबगार गृहस्थ होते आणि संस्थानाच्या कारभाराला त्यांच्यामुळे वळण लागले, याबद्दल दुमत नाही. पण छत्रपती हयात असताना त्यांच्या नावाने दुसऱ्याने कारभार पाहणे म्हणजे त्यांच्या वेडेपणावर कायमची मोहोरच होती. महाराजांना कोल्हापुरातून हलवून अखेर अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. कोल्हापूर ते नगर हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तेव्हा कोल्हापूरला रेल्वेही पोहोचली नव्हती. इस्पितळ नव्हे, राजवाडा नव्हे, किल्ला. सोबतीला परिचारक म्हणून गोरे सैनिक. ज्यांची भाषा महाराजांच्या कानाला परकी, ज्यांना रोग्याच्या शुश्रूषेचे शिक्षण नाही, अशा माणसांच्या स्वाधीन एका अस्वस्थ तरुणाला करण्यात आले. यातून काय निष्पन्न होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सरकारी बाजू अशी होती की, महाराज अंगावर धावून गेले आणि ग्रीनने स्वतःचा बचाव केला. लोकांनी या कथनावर विश्वास ठेवला नाही. ग्रीनने त्यांना मारून टाकले, अशीच समजूत महाराष्ट्रात रुजली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. यांतले कोणते खरे, याचा वाद घालण्यापेक्षा सरकारी कथन जसेच्या तसे मान्य करून पाहावे. एक रोगी खवळतो. त्याला आवरण्याचे काम शिपायाकडे आहे. आवरावे कसे, किती बळ वापरावे, कोणाला बोलवावे, कोठे नोंद करावी, याचा काही नियम त्या खोलीत नाही. रोगी वीस वर्षांचा आहे आणि थोड्याच वेळात तो मेलेला आहे. सरकारच्याच शब्दांवर विसंबले तरी एवढे उरते.

या घटनेनंतर अडीच वर्षांनी युरोपात जवळजवळ अशीच कथा घडली. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला जून १८८६ मध्ये चार मनोविकारतज्ज्ञांनी वेडा ठरवले. त्यांनी त्यासाठी राजाची तपासणीच केली नव्हती. नोकरचाकरांच्या जबान्यांवर काम भागवले. राजाचा काका रीजंट झाला. तीन दिवसांत, १३ जून रोजी, राजा आणि त्या तज्ज्ञांतले प्रमुख डॉक्टर गुडेन हे दोघेही सरोवराकाठी फिरायला गेले आणि दोघांची प्रेते पाण्यात सापडली. विशेष म्हणजे गुडेन हे रोग्यांना बांधून ठेवण्याच्या विरोधात असलेले, त्या काळाच्या मानाने दयाळू डॉक्टर म्हणून ओळखले जात. लुडविगवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, त्याचे वाडे पाहायला जग लोटते. आपल्या शिवाजी महाराजांच्या वाट्याला टिळकचरित्रातले एक प्रकरण आले.

आज असा प्रसंग उद्भवला तर काय, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. १८५८ नंतर १९१२ चा कायदा आला, मग १९८७ चा, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्यातील काही कलमे वाचताना नगरच्या किल्ल्यातली ती खोली डोळ्यांपुढे येते. माणसाचा मानसिक आजार त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून ठरवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. संमतीवाचून दाखल करायचे तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसोपचार व्यावसायिक वा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. मुदत तीस दिवसांची. सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, पुनरावलोकन मंडळाला कळवले पाहिजे, आणि रुग्णाला त्या मंडळाकडे दाद मागता येते. आपला प्रतिनिधी कोण हे रुग्णाने आधी ठरवून ठेवावे, पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत व कोणते नकोत हेही लिहून ठेवावे, अशी सोय आहे. भेटीगाठी, पत्रव्यवहार, मोफत कायदेशीर मदत हे हक्क आहेत. साखळदंडाला आणि एकांतकोठडीला मनाई आहे. शारीरिक बळाने आवरणे हे तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नव्हे, आणि माणसे अपुरी आहेत म्हणूनही नव्हे. ही शेवटची अट कोणी घातली असेल त्याला इस्पितळांचा चांगला अनुभव असला पाहिजे.

कायद्याला ही कलमे सुचायला फार प्राण जावे लागले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे झोपड्यांना आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले अठ्ठावीस रुग्ण पळूही शकले नाहीत. आणि कलम कागदावर आले म्हणून अंतर कमी होत नाही. महाराष्ट्राची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यावरचा माणूस यांपैकी एखाद्या इस्पितळात दाखल झाला तर त्याच्या घरच्यांनी रोजगार बुडवून, गाड्या बदलत भेटीला जायचे कसे? त्याची बोली पावरी किंवा भिल्ली. त्याच्यावर देखरेख करणाऱ्याला ती समजेलच असे नाही. छत्रपती असो वा सातपुड्यातला मजूर, आपल्या माणसांपासून आणि भाषेपासून तुटलेल्या रुग्णाचे गाऱ्हाणे ऐकायला जवळ कोणी नसते.

महाराजांच्या मृत्यूनंतर गादीला वारस हवा होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी रीजंट आबासाहेब घाटगे यांचे दहा वर्षांचेही न झालेले चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू. सरकारने यावेळी मुलाच्या शिक्षणात बरीच काळजी घेतली. फ्रेझर यांच्यासारखा समंजस शिक्षक मिळाला. आबासाहेब १८८६ मध्ये वारले. १८९४ मध्ये शाहूंच्या हाती अधिकार आले आणि कोल्हापूरचा इतिहास बदलला. शाहूंच्या चरित्राच्या पहिल्या काही पानांत दत्तक पित्याचा उल्लेख येतो तो एवढ्यापुरता.

प्रकरणातली इतर माणसेही आपापल्या वाटेने गेली. आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर लहानसे पुस्तक लिहिले आणि १८८३ साली, म्हणजे महाराज नगरला होते त्याच वर्षी, शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे विकारविलसित हे मराठी रूपांतर प्रसिद्ध केले. वेड पांघरलेल्या की वेड लागलेल्या राजपुत्राचे नाटक नेमके याच वेळी मराठीत यावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. जानेवारी १८८५ मध्ये टिळक-आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात काढलेल्या महाविद्यालयाला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले. छत्रपतींना किल्ल्यात ठेवले गेले आणि तेथे त्यांचा मृत्यू झाला तो याच गव्हर्नरांच्या कारकिर्दीत. संस्था चालवायची तर सरकारशी जमवून घ्यावे लागते, हे खरे. तरीही या नावामागची ही बाजू पुण्यात क्वचितच बोलली जाते.

अहमदनगर शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. चौथ्या शिवाजी महाराजांची समाधी तेथेच आहे, कोल्हापूरला नाही.